कोपरा न दुमडलेलं पान

१० जून

बारके,

चादरीचं एक टोक माझ्या हातात होतं आणि दुसरं तुझ्या दादाच्या. दोघं मिळून पीळ देत होतो. आत गॅसवर दूध होतं, बाहेर दोरीवर जागा कमी होती आणि बादलीत उशांचे अभ्रे अजून तसेच पडले होते. पिळता पिळता तो म्हणाला, बारकीच्या पत्राला उत्तर द्यायचं राहिलंय, तूच लिही ना चार ओळी, मला सुचत नाही. मी म्हटलं, बहीण तुझी, तू लिही. तेवढ्यात दूध उतू गेलं. त्या सकाळी यापलीकडे काही घडलं नाही. आज चादर धुताना आठवलं, इतकंच. आता मी एक टोक नळाला बांधते आणि एकटीच पिळते. निम्मं पाणी चादरीतच राहतं.

तर तुला पत्र लिहिणं आता माझ्याच गळ्यात आलंय, म्हणून कामाचं लिहिते.

आमच्या औषधांच्या गोदामातले मोठे साहेब वर्षअखेरीला निवृत्त होतायत. मालकांनी मला आत बोलावलं, बस म्हणाले. बस म्हणाले तेव्हाच मी समजले की काहीतरी नकोसं ऐकायला मिळणार. तुमचं काम चोख आहे, पण व्यवस्थापकाच्या खुर्चीला आता पदव्युत्तर पदवी लागणार, निदान शिकायला तरी लागा, म्हणजे तुमचं नाव विचारात घेता येईल, असं म्हणाले. माझ्याकडे बाहेरून परीक्षा देऊन मिळवलेली साधी पदवी आहे, ती तुला माहीतच आहे.

नोकरी सोडून कॉलेजात जाणं शक्य नाही, म्हणून घरबसल्या ऑनलाइन करायचं ठरवलंय. दोन पाहून ठेवलेत. एक मोठ्या विद्यापीठाचं एमबीए. दोन वर्षं, संध्याकाळी स्क्रीनवर तास, शेवटी प्रकल्प आणि केंद्रावर जाऊन परीक्षा. दुसरं एका संस्थेचं, वर्षभराचं. धडे आधीच रेकॉर्ड केलेले, वाटेल तेव्हा बघा. तू दिवसभर कॉलेजच्या प्रवेशाच्या खिडकीत बसून लोकांच्या मुलांना हेच सांगत असतेस. आता मलाही सांग.

हे पान सगळ्यांसमोर वाचायला हरकत नाही. भावोजींना म्हणावं, वाचताना माझा आवाज काढायचा नाही. मागचं पान तुझ्या एकटीचं आहे, कोपरा दुमडलाय. तुझ्या दादाने घालून दिलेला नियम तुमच्याकडे अजून पाळतात ना? दुमडलेलं पान भावोजींनी न वाचता तुझ्या हातात द्यायचं.

वहिनी

(मागचं पान)

शेजारच्या टेबलावर एक नवा आलाय. रोज टाय लावून येतो, म्हणून आम्ही त्याला टायवालाच म्हणतो. त्याच्याकडे ती पदवी आहे. कामाला वाईट असता तर बरं झालं असतं, पण वाईट नाही, हीच पंचाईत आहे. वागायलाही चांगला आहे. मला ‘मॅडम, तुम्ही बसा, खोकी मी उचलतो’ म्हणतो. माझ्या वयाच्या बाईला कोणाचा हेवा वाटावा हे शोभत नाही, पण त्याने खोकं उचललं की मला वाटतं, खुर्चीही अशीच उचलून नेणार हा.


२४ जून

वहिनी,

पत्र मिळालं. जेवणं झाल्यावर यांनी नेहमीप्रमाणे मोठ्याने वाचलं आणि तुझा आवाज काढलाच. सासूबाई इतक्या हसल्या की ठसका लागला. त्यांचा पाय प्लास्टरमधून निघालाय, पण संध्याकाळी कोणीतरी हाताला धरून गल्लीच्या टोकापर्यंत फिरवावं लागतं. ते काम सध्या यांच्याकडे आहे. माझा ऑफिसात ओव्हरटाइम सुरू आहे, घरी यायला उशीर होतो.

आता तुझ्या प्रश्नाचं. त्या मोठ्या विद्यापीठाच्या नादी लागू नकोस. खिडकीवर येणाऱ्या लोकांकडून ऐकते ना मी. संध्याकाळचे तास म्हणजे नुसता गोंधळ, आणि प्रकल्पाच्या वेळी भल्याभल्यांना रडवतात. निम्मे लोक पहिल्याच सहामाहीत गळतात. तू आपलं वर्षभराचं घे. सावकाश, आपल्या सवडीने. या वयात कशाला जिवाची ओढाताण? शिवाय तुला काय, तू मोकळी आहेस. लेक तिच्या घरी सुखात आहे, तू एकटीच. घर खायला उठतं म्हणतेस, तर तेवढंच मन रमेल.

मला विचारशील तर एवढंच सांगते.

बारकी


५ जुलै

बारके,

कोपरा दुमडलाय. हे तुझ्या एकटीचं.

‘मोकळी’ हा शब्द मी परत परत वाचला. तू वाईट अर्थाने लिहिला नसशील. पण मोकळं तर भांडंही असतं, आणि बसमध्ये कोणी न बसलेली जागाही मोकळीच असते. तुझ्याकडे पत्र वाचायलाही अख्खं घर गोळा होतं. माझं पत्र आलं की सासूबाईंना ठसका लागतो, भावोजी नकला करतात, ऐकणारे ऐकतात. तुझं पत्र आलं की मी चष्मा शोधते, वाचते आणि चष्मा परत ठेवते. हेवा करायचाच तर मला तुझा करण्यासारखं खूप आहे, आणि मी करते. सांगून टाकलं.

त्या वर्षभरवाल्यांना फोन केला होता. विचारलं, ही पदवी धरतात की प्रमाणपत्र? पलीकडची मुलगी गोल गोल फिरत राहिली. मीही सोडलं नाही. शेवटी म्हणाली, प्रमाणपत्र आहे मॅडम, पण फार उपयोगी आहे. मालकांना पदवी हवी आहे. बारके, तू खिडकीत बसतेस. पदवी कुठली आणि प्रमाणपत्र कुठलं, हे तुला माहीत नव्हतं असं मला वाटत नाही. मग मला तिकडे का ढकलत होतीस?

असू दे. मी मोठ्या विद्यापीठाचा अर्ज भरला. खरं सांगायचं तर फार विचार केला नाही. आमच्या गोदामात नियम असा की ज्याची तारीख आधी संपते ते आधी बाहेर काढायचं. नवी खोकी पुढे रचलेली असली तरी मागे हात घालून जुनं काढायचं. घरातही माझं तसंच चालतं. त्या विद्यापीठाच्या प्रवेशाची तारीख आधी संपत होती, म्हणून ते आधी काढलं.

वहिनी


२० जुलै

वहिनी,

पदवी म्हणजे खोकल्याचं औषध नव्हे, तारीख बघून घ्यायला. पण घेतलंस ते घेतलंस. मनापासून शुभेच्छा.

खिडकीत बसून सगळ्या जगाचं सगळं माहीत होत नाही. माझ्याकडून चूक झाली म्हण हवं तर. ढकलत वगैरे नव्हते.

तुमचे तास कुठल्या वारी असतात? दुसऱ्या वर्षाच्या लोकांना तुमच्याबरोबर बसवतात का? सहज विचारलं.

इकडे ओव्हरटाइम अजून चालूच आहे. यांनी संध्याकाळचा स्वयंपाक हातात घेतलाय. मीठ रोज वेगळं असतं.

बारकी


१८ ऑगस्ट

बारके,

आज तास होता. आमच्या बाई म्हणाल्या, प्रकल्प कसा असावा ते दाखवायला दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीला बोलावलंय. स्क्रीनवर चेहरा आला नाही, नावाच्या जागी नुसती आद्याक्षरं होती. मग आवाज आला.

आधी मला तुझा दादाच वाटला. बाईचा आवाज होता, पण वाक्याच्या सुरुवातीला ते ‘म्हणजे बघा ना’ आणि वाक्य संपताना शेवटचा शब्द गिळणं, हे दुसऱ्या कोणाचं असू शकतं? मी हातातला कप खाली ठेवला. त्या आवाजाने ते सगळं परत आणलं, आणि मग मला कळलं की ही तू आहेस.

कॉलेजच्या प्रवेशाच्या रांगेवर प्रकल्प. कागद तपासायची खिडकी वेगळी, पैसे भरायची वेगळी, आणि रांग निम्मी. बाईंनी किती कौतुक केलं. सगळ्या वर्गाला म्हणाल्या, असं काम करा. आणि मी त्या वर्गात होते बारके. मी लिहून घेत होते.

गेली दीड-दोन वर्षं तू हेच शिकते आहेस. ओव्हरटाइम कसला, हाच तुझा ओव्हरटाइम. आणि मी भोळ्यासारखी तुला विचारलं तर मला म्हणतेस, त्या नादी लागू नकोस, तुझ्या वयाला झेपणार नाही, तू मोकळी आहेस, मन रमव. स्वतः पुढच्या दाराने आत गेलीस आणि मला मागचं दार दाखवलंस. मी पोचू नये म्हणून? मी कोणाच्या वाटेत आले होते? तुझ्याकडे नवरा आहे, तो तुझ्यासाठी स्वयंपाक करतो. तुझ्याकडे भरलेलं घर आहे. तुझ्या गळ्यात त्याचा आवाज आहे, तोसुद्धा तुझ्याकडेच राहिला. एवढं सगळं असून एक पदवीही तुला एकटीलाच हवी होती.

फोन करणार होते. नंबर लावला आणि तोडला. तो आवाज परत ऐकून मला भांडता आलं नसतं.

वहिनी


९ सप्टेंबर

बारके,

तुझं उत्तर नाही. फोन केला तर भावोजींनी उचलला, ‘ती कामात आहे’ म्हणाले आणि ठेवला. ते असं कधी बोलत नाहीत. सासूबाई बऱ्या आहेत ना?

वहिनी


१९ सप्टेंबर

वहिनी,

सासूबाई बऱ्या आहेत. माझं विचारत असशील तर ऐक.

तुझं ते पत्र आलं त्या दिवशी मी बाहेर होते, पाकीट यांनीच फोडलं. जेवणं झाली आणि यांनी वाचायला घेतलं. मी नेहमीसारखी भांडी आवरत होते. पहिल्या पानाचा कोपरा दुमडलेला नव्हता. दुसऱ्याचाही नव्हता. दादाच्या आवाजाबद्दल लिहिलंस तिथपर्यंत सगळे ऐकत होते, सासूबाईंनी पदर डोळ्याला लावला. ‘गेली दीड-दोन वर्षं तू हेच शिकते आहेस’ या ओळीला हे थांबले. मी हातातलं पातेलं तसंच धरून उभी राहिले. यांनी पान खाली ठेवलं. सासूबाई म्हणाल्या, थांबलास का, वाच की पुढे. मग यांनी वाचलं. ‘हाच तुझा ओव्हरटाइम’सुद्धा वाचलं. आवाज न काढता, अगदी सरळ.

मी काय करत होते ते तुला सांगते, कारण आता सगळ्या जगाला माहीत आहे. कॉलेज सुटलं की मी मागच्या रेकॉर्डच्या खोलीत बसायचे, तिथल्या संगणकावर तास ऐकायचे. घरी ओव्हरटाइम सांगितला. कारण माझी ख्याती तुला ठाऊक आहे. शिवणाचा क्लास अर्धा, संगणकाचा अर्धा, ते भाषेचं तर महिनाभरही नाही. या घरात माझं नावच अर्धी. ताटात घास उरला तरी म्हणतात, अर्धीने अर्धं ठेवलं. सगळे प्रेमानेच म्हणतात, म्हणून उलट बोलताही येत नाही. या वेळी म्हटलं, पुरं झालं की मगच सांगेन. आणि नाहीच झालं तर कोणाला कळणारही नाही.

हे भांडले नाहीत. भांडले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले की तू थकतेस म्हणून मी स्वयंपाक शिकलो, आईला म्हणालो तिला काही सांगू नकोस, आणि तू खुर्चीत बसून शिकत होतीस. शिकत होतीस याचं मला काही नाही, पण मी मूर्ख ठरलो. सासूबाई म्हणाल्या, शिक्षण काय सिनेमा आहे, चोरून जायला?

आता मी वेळेवर घरी येते. संध्याकाळी सासूबाईंना फिरवते, स्वयंपाक करते. मीठ बरोबर असतं. पुढच्या महिन्यात शेवटच्या परीक्षा आहेत. मी बसणार नाही. अर्धीने अर्धं ठेवलं. झालं तुझ्या मनासारखं.

तुला तिकडे का येऊ देत नव्हते, हेही सांगते, मग काही उरणार नाही. दादा मला पत्र लिहायचा. माझा भाऊ, मला लिहिलेलं पत्र, आणि त्यात निम्मं तुझ्याबद्दल. ‘तुझ्या वहिनीने एक जाड पुस्तक आणलंय, दोन दिवसांत संपवेल.’ ‘तुझी वहिनी शिकली असती ना बारके, तर कुठल्या कुठे पोचली असती.’ प्रत्येक पत्रात. मी म्हणायचे, मी इकडे कॉलेजात नोकरी करते, माझ्याबद्दल एक ओळ लिही की. तर लिहायचा, ‘तूही मेहनती आहेस.’ मेहनती. मला माहीत होतं, तू त्या वर्गात आलीस की पहिल्या महिन्यात माझ्यापुढे जाशील. एक तरी खोली अशी असावी जिथे तू नाहीस, असं वाटलं मला. यात चूक असेल. मला ती दिसत नाही.

बारकी


२८ सप्टेंबर

बारके,

तुझं पत्र परवा आलं. कोपरा दुमडायला मी विसरले की विसरले नाही, हे मला स्वतःलाही नीट सांगता येत नाही. रागात होते एवढं खरं. पाकीट चिकटवताना हात थांबला होता, हेही खरं. तुला जे समजायचं ते समज.

तुझ्या दादाने लिहिलेल्या त्या ओळी मी वाचल्या. त्यातलं त्याने मला कधी काही म्हटलं नाही. जाड पुस्तक आणलं की म्हणायचा, दिवा आता बंद करणार आहेस का? एवढी वर्षं एका घरात राहून मी ते तुझ्या पत्रातून ऐकते. ज्याचं कौतुक त्याला सोडून दुसऱ्यालाच सांगायचं, ही तुमच्या घराण्याची रीत आहे. मला आधी आनंद झाला आणि लगेच तुझा राग आला, कारण ती पत्रं तुझ्या कपाटात आहेत. हे एवढ्यात जाईल असं वाटत नाही. तूही तुझं एवढ्यात जाऊ देऊ नकोस, खोटं वाटेल.

पण परीक्षेला न बसणं हे मला चालणार नाही. मी अजून पहिल्या सहामाहीतच आहे. आमच्या बाई अजून तुझ्या प्रकल्पाचं उदाहरण देतात आणि दर वेळी मला आतून चरचरतं. त्या चरचरण्यावर मी रोज ऑफिस करून आल्यावर पुस्तक उघडते. तू मध्येच सोडलंस तर मी कोणाला मागे टाकायचं? टायवाल्याला? तो तर बिचारा कौतुकच करतो. मागे टाकायला माणूस पुढे असावं लागतं. तू बसायचंस, पास व्हायचंस, तुझे गुण मला सांगायचेस, आणि मग मी बघते.

भावोजींना मी फोन केला होता. तू कामावर असताना.  मी म्हटलं, तुम्ही चिडलात हे बरोबर आहे, मीही चिडले आहे, पण आपण दोघं चिडून ती नापास व्हावी असं तुम्हाला वाटतं का?  मग म्हणाले, पण वहिनी, आईला संध्याकाळी कोण फिरवणार? मी परत फिरवायला लागलो तर हिला वाटेल मी उपकार करतोय. मी म्हटलं, ते माझ्यावर सोडा. सासूबाईंनी मागून विचारलं कोण आहे, आणि भावोजींनी माझा आवाज काढून सांगितलं. अजून नीट जमत नाही त्यांना.

मालक वर्षअखेरीला काय ठरवतील ते ठरवतील. सध्या गोदामात साठ्याची मोजणी आहे, मोठे साहेब सगळ्यांवर लक्ष ठेवून आहेत, आणि अशा वेळी रजा मागणं म्हणजे टायवाल्याला ताटात वाढून देणं आहे, हे मला कळतं. माझे तास मी तुमच्या बैठकीच्या खोलीत बसून ऐकेन. तू आतल्या खोलीत दार लावून अभ्यास कर. मध्ये मध्ये बाहेर येऊन माझं काय चाललंय ते बघू नकोस. सासूबाईंना मी फिरवेन. माझ्याबरोबर त्या गल्लीच्या टोकापर्यंत येतील की नाही, ते आमचं आम्ही बघू. तू पास झालीस की मी परत जाईन. मग भांडू, सवडीने.

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे काल, मी मालकांकडे जाऊन रजा मागितली, गोदामातल्या थंड खोलीची माझ्याकडची किल्ली टायवाल्याच्या हातात दिली आणि तुमच्याकडे यायचं तिकीट काढलं.

वहिनी